दुसरीचे पहिले सत्र

भाषाविज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न मी जवळजवळ तीस वर्षे आलटूनपालटून विचारत आले : 'प्रमाणभाषा आणि बोली यांतील परस्परसंबंध सोदाहरण स्पष्ट करा.' गुण पंधरा. उत्तरेही आलटूनपालटून तीच येत. बोली हे भाषेचे जिवंत रूप असते, बोलींमुळे प्रमाणभाषा समृद्ध होते, कोणतीही बोली अशुद्ध नसते; मग उदाहरणादाखल अहिराणीची चार वाक्ये, मालवणीची दोन आणि गाइडातून उतरलेली वऱ्हाडी शब्दांची ठरलेली यादी. मी गुण देत असे. त्या विधानांत चुकीचे असे काही नव्हतेच. परंतु निवृत्तीनंतर, २०२२च्या जून महिन्यात, बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत दुसरीच्या वर्गात जाऊन बसेपर्यंत त्या विधानांची किंमत मोजण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

शाळेतले गुरुजी माझे विद्यार्थी. बारावीनंतर डी.एड. करून नोकरीला लागलेले आणि नोकरी सांभाळून बहिःस्थ म्हणून एम.ए. झालेले. वरच्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर लिहिले होते ते मला आठवत नाही; पण परीक्षेच्या दिवसांत व्हरांड्यात गाठून त्यांनी विचारलेले मात्र आठवते. "मॅडम, बोली अशुद्ध नसते हे पटलं. पण पहिलीतल्या पोरानं 'पानी' लिहिलं तर मी बरोबरची खूण करायची का फुली मारायची?" मी काहीतरी उत्तर दिले असणार. बहुधा हसून दिले असणार. पुढे बऱ्याच वर्षांनी, माझ्या निरोपसमारंभाला ते आले तेव्हा म्हणाले, "आता वेळ आहे तर आमच्या शाळेत येऊन बसा की. आठवड्यातून दोनदा. पोरांना गोष्टी सांगा." मी मंगळवार आणि शुक्रवार ठरवले. एस.टी.ने पाऊण तास, आणि फाट्यापासून पुढे गुरुजींच्या मोटारसायकलवर.

गाव बालाघाटच्या रांगेतले. दोन खोल्या, पत्र्याचा व्हरांडा, अंगणात चिंचेचे जुने झाड, स्वयंपाकाची लहानशी खोली आणि तिच्यातून अकरा वाजल्यापासून येणारा खिचडीचा वास. गावापासून अर्ध्या किलोमीटरवर तांडा. दुसरीच्या पटावर चौदा मुले होती. त्यांच्यातल्या आठांचे आईवडील दरसाल उसाला जाणारे. शाळेच्या वेळापत्रकात वर्षाची दोन सत्रे असतात. इथल्या वर्षाला मात्र दोनच ऋतू आहेत, कारखाने बंद आणि कारखाने चालू. जून ते दसरा-दिवाळी एवढेच काय ते या आठ मुलांचे शालेय वर्ष. त्यात ही तुकडी विशेष दुर्दैवी. ती पहिलीत गेली त्या वर्षी शाळा कोरोनामुळे बंद. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते डिसेंबर २०२१मध्ये, आणि तोवर ही मुले सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात पोचलेली होती. म्हणजे कागदोपत्री दुसरीत असलेली ही मुले वर्गात बसण्याच्या हिशेबाने पहिल्यांदाच शाळेत येत होती. गुरुजींच्या हाती साधारण चार महिने होते. त्या चार महिन्यांत मुलांना वाचता आले तर आले. नाहीतर पुढच्या जूनमध्ये ती तिसरीत बसणार आणि तिसरीचे पुस्तक त्यांना वाचता येते असे गृहीत धरून बोलू लागणार.

पहिल्या दोन आठवड्यांत मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. गुरुजींनी मुलांना एक चित्र दिले होते. हातपंपावर बाया पाणी भरताहेत असे. चित्राखाली ज्याला जे सुचेल ते त्याने लिहायचे. बहुतेकांनी रेघोट्या ओढल्या. भिंतीकडेला बसणाऱ्या एका मुलाने मात्र पाटीवर दोन अक्षरे काढली आणि पाटी माझ्यापुढे धरली. 'पानी.' मी सवयीने न पुसून त्या जागी ण केला, पाटी परत दिली आणि म्हटले, "असं लिहायचं बरं का, पा-णी." मुलाने पाटी घेतली, तळहाताने सगळी पुसली आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मी जवळ गेले की पाटी उलटी ठेवी.

परत जाताना गुरुजी फाट्यापर्यंत काही बोलले नाहीत. एस.टी.ची वाट पाहताना मात्र म्हणाले, "मॅडम, त्यानं आजपर्यंत फळ्यावरचं बघून उतरवलं होतं. ऐकलेलं स्वतःच्या मनानं त्यानं आज पहिल्यांदा लिहिलं. त्याच्या घरी 'पानी'च म्हणतात. त्यानं जे ऐकलं त्याला बरोबर अक्षर लावलं." मला तो व्हरांडा आठवला. तेव्हाच्या प्रश्नाचे उत्तर मी वीसेक वर्षांनी दिले होते, आणि ते फुली असे होते. गुरुजींच्या लक्षात आले असेलच. त्यांनी ते बोलून दाखवले नाही.

पंधरा गुणांच्या उत्तरात न येणारी गोष्ट ही आहे की, वाचायला-लिहायला शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने 'ण' आणि 'न' हा शुद्धाशुद्धाचा प्रश्नच नसतो. ध्वनीला चिन्ह असते, आणि ते आपल्याला काढता येते, हा शोध त्याला लागत असतो. त्या शोधाच्या क्षणी तुझा ध्वनीच चुकला असे सांगणे म्हणजे तोंडच मिटायला सांगणे. 'पाणी' हे लेखन त्याला पुढे यायचे आहेच. गुरुजी ते आणतातही, पण वेगळ्या वाटेने. ते फळ्यावर दोन्ही शब्द लिहितात आणि म्हणतात, "घरी असं, पुस्तकात असं." घर आणि पुस्तक. त्यांच्या वर्गात या दोन शब्दांवर पुष्कळ काही चाले.

जुलैत शेताशेतांत गोगलगायी झाल्या. त्या वर्षी लातूर, बीड, उस्मानाबाद या भागांत कोवळ्या सोयाबीनवर गोगलगायींनी धाड घातली होती आणि लोक पहाटे उठून त्या वेचत होते. मुले शाळेत उशिरा येऊ लागली, हातांना चिकटा घेऊन. गुरुजींनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी वर्गच बांधावर नेला. वेचलेल्या गोगलगायी मोजायच्या, दहा झाल्या की एक चिंचोका खिशात टाकायचा. दहा चिंचोके झाले की ओरडायचे. दशक-शतकाचा पाठ असा मिठाच्या पाण्याने भरलेल्या बादल्यांभोवती झाला. (मला हे पाहवत नव्हते. मुलांना त्यात काही वावगे दिसत नव्हते. ज्याच्या घरचे सोयाबीन ती खात होती, त्याला ते दिसणे कठीणच.) वर्गात परतल्यावर मी पूर्वतयारीने गोगलगायीची एक गोड गोष्ट सांगायला घेतली. हळू हळू चालणारी, घर पाठीवर घेऊन हिंडणारी. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हणही सांगितली. मुले गप्प राहिली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, तिनं आमचं अर्ध वावर खाल्लं." गोष्ट तिथेच संपली. बालसाहित्यावरच्या दोन चर्चासत्रांत मी निबंध वाचलेले आहेत. निसर्ग, कल्पनारम्यता, प्राणिपात्रे वगैरे. त्या निबंधांत हे वाक्य कुठे बसवायचे ते मला अजून सुचलेले नाही.

मोजण्याचा विषय निघाला आहे म्हणून आणखी थोडे. मराठीतले संख्यावाचन लहान मुलांना जड जाते. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात आणि पन्नास मागून, लिहिताना मात्र पाच आधी. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी पद्धत सुचवली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते वाचकांना आठवत असेल. त्या वेळी मीही भाषेचे नुकसान होते आहे अशा बाजूची होते. इथे एका मुलाची आजी त्याला न्यायला आली आणि गुरुजींनी सहज विचारले, "आज्जी, शेळ्या किती झाल्या?" तर म्हणाली, "एक इसा न् तीन." विसांनी मोजण्याची ही जुनी रीत, वीस आधी, तीन मागून. पुस्तकातला नवा प्रकार म्हणून ज्यावर आम्ही शहरांत भांडलो, त्याच क्रमाने आजी आयुष्यभर शेळ्या मोजत आली होती. असो.

आता त्या कार्डांविषयी. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेचे 'टीचर' नावाचे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. तिची पद्धत थोडक्यात अशी : मुलाला विचारायचे, आज तुला कोणता शब्द हवा? तो सांगेल तो शब्द एका जाड कार्डावर लिहून द्यायचा. ते कार्ड त्याचे. दुसऱ्या दिवशी त्याला तो ओळखता आला तर शब्द त्याचा झाला. नाही आला तर कार्ड काढून टाकायचे, कारण तो शब्द त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा नव्हताच. भीतीचे आणि मायेचे शब्द मुले एकदाच पाहून ओळखतात, असा तिचा अनुभव. आपल्याकडे फलटणमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या भाषावैज्ञानिक मॅक्सिन बर्नसन यांनीही मराठी वाचन शिकवताना वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून अक्षरांचे लहान गट करण्याची आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला देण्याची वाट दाखवली. गुरुजींनी या दोन्हींचे आपल्यापुरते मिश्रण केले होते. फळ्यावर अक्षरगट, आणि खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशव्यांत मुलांची कार्डे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली.

पहिले काही दिवस शब्द आले ते पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या कपांसारखे : कमळ, बदक, फूल. ज्या मुलाने बदक मागितले त्याने बदक पाहिलेले नव्हते. शाळेत असेच शब्द चालतात हे मुलांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते. गुरुजी लिहून देत आणि दुसऱ्या दिवशी निम्मी कार्डे बाद होत.

पुढे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस काना-मात्रा नसलेल्या तीन अक्षरी शब्दांचा सराव चालला होता. मगर, गवत, सरळ अशी यादी फळ्यावर उतरत होती, आणि गुरुजींनी ओघात 'उचल' लिहिले. अर्थ समजावण्यासाठी एका मुलाला म्हणाले, "ते दप्तर उचल." त्याने उचलले नाही. म्हणाला, "गुर्जी, उचल म्हंजी पैसं."

वर्गात क्षणभर काही हलले नाही. मग सगळेच बोलू लागले. आमच्या पप्पानं लाख घेतल्यात मुकादमाकडून. आमच्या जास्ती हायत, दादाचा अर्धा कोयता वाढला. मागल्या सालची आमची फिटली न्हाई. उसाला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. आणि हंगामाआधी मुकादम देतो त्या आगाऊ रकमेला उचल. ज्यांच्या पुस्तकात संख्या शंभराशी थांबते ती सात वर्षांची मुले लाखाचा आणि अर्ध्याचा हिशेब करत होती. आठांपैकी पाच तरी मुले अशी, की जूनपासून वर्गात त्यांचा आवाज मी ऐकलेला नव्हता. 'उचल' हा शब्द पुस्तकात आज्ञार्थी क्रियापद होता. त्यांच्या घरी तो नाम होता, आणि घरातले सगळे त्या नामाभोवती फिरत होते.

त्या दिवशी कार्डांसाठी रांग लागली. कोयता, मोळी, वाढे, पाचट, कोपी, मुकादम, टायरगाडी. जोडाक्षर नाही, मात्रा शिकवलेली नाही, असले विचार गुरुजींनी बाजूला ठेवले आणि मागतील ते लिहून दिले. दुसऱ्या दिवशी, मी नव्हते, पण त्यांनी फोन करून सांगितले, एकही कार्ड बाद झाले नाही. 'मुकादम' तर ज्यांनी मागितला नव्हता त्यांनीही ओळखला.

आपल्या साहित्यव्यवहारात अनुभवाची अस्सलता हा फार झिजलेला शब्दप्रयोग आहे. ग्रामीण कादंबरीवर बोलताना तो मी शेकडो वेळा वापरला असेन. अमुक लेखकाने बोलीचा कसा समर्थ वापर केला आहे, इत्यादी. त्या वापराचा वाचक कोण, हे मी विचारले नव्हते. ती कादंबरी वाचू शकेल असे मूल ज्या घरात आहे, त्या घरातले शब्द त्याच्या पहिल्या पुस्तकाबाहेर राहिले, तर बोलीचे सामर्थ्य शेवटी आमच्याच कामी येते, पंधरा गुणांसाठी. हे जरा कडवट झाले, पण इथे ते तसेच राहू द्यावे.

एका मुलीने मात्र त्या दिवशीही काही मागितले नाही. ती तांड्यावरची. घरी गोरमाटी बोलणारी. बंजाऱ्यांची ही बोली राजस्थानीच्या कुळातली, मराठीशी तिचे नाते लांबचे; मुलीला मराठी समजे, पण तोंडातून निघत नसे. गुरुजी 'आ' शिकवताना आईचे चित्र दाखवत, सगळा वर्ग 'आई' म्हणे, आणि ही चित्राकडे पाहत राही. नोंदवहीत तिच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असा शेरा होता. पोळ्याच्या आधी, मुलांनी चिखलाचे बैल केले त्या दिवशी, मी तिच्याजवळ बसले होते. तिने बैल केला नव्हता. एक बाई केली होती, डोक्यावर मोळी घेतलेली. मी विचारले, "ही कोण?" ती पुष्कळ वेळाने, अगदी हळू म्हणाली, "याडी."

मी गुरुजींना हाक मारली. त्यांनी कार्ड आणले आणि लिहिले : याडी. तिने बोट ठेवले, आधी अक्षरांवरून, मग कान्यावरून, आणि परत एकदा म्हणाली. या वेळी ऐकू येईल एवढ्याने. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही. आपल्या इथे ती देवनागरीत लिहितात हे मला माहीत होते, वर्गात सांगितलेलेही होते. पण 'आई' हा शब्द तिच्या आईचा नव्हता, एवढी साधी गोष्ट अडीच महिने आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नाही. दुसरे कार्ड तिने दुसऱ्या दिवशी मागितले : बाटी, म्हणजे भाकरी. मग शेळी, मराठीतली. मग ट्रक. दसऱ्यापर्यंत तिच्या पिशवीत एकवीस कार्डे होती आणि फळ्यावरचे एखादे वाक्य ती बोट न ठेवता वाचू लागली होती. वाचताना 'आई' आले की ती क्षणभर थांबे आणि मगच वाची. मनात काय करी, ते तिलाच ठाऊक.

(भिंतीकडच्या मुलाने दरम्यान माझ्याशी बोलणे सुरू केले होते. त्याचे कारण मी नव्हते. त्याच्या घरच्या कोंबडीने अंडी घातली होती आणि ते सांगायला वर्गात दुसरे कोणी मोकळे नव्हते.)

सप्टेंबर संपता संपता वर्गाचे रूप बदलले. तोवर मुले परस्परांची कार्डे वाचत, त्यांची वाक्ये लावत, भांडत. 'कोयता' आणि 'आज्जी' शेजारी ठेवून एकाने विचारले की यांच्यामध्ये काय टाकायचे, आणि वर्गाने अर्धा तास त्यावर खल केला. शेवटी 'न्हाई' घातले : कोयता न्हाई आज्जी. म्हणजे यंदा ऊस नको, आजीजवळ राहायचे. वाक्यरचनेच्या दृष्टीने हे वाक्य मोडके आहे. त्याचा अर्थ ज्याला कळला नाही असा मुलगा वर्गात नव्हता. फळ्यावर गुरुजींनी खाली पुस्तकातले वाक्यही लिहिले. तेही मुलांनी वाचले, उतरवले. पण रोज शाळेत आल्यावर ती बघायला जात ते वरचे.

त्या वर्षी कारखाने १५ ऑक्टोबरपासून सुरू करायला परवानगी मिळाली होती. दसरा ५ ऑक्टोबरचा. मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या, ट्रॅक्टर दिसू लागले, आणि एकेक पालक शाळेत येऊन उंबऱ्याशी उभे राहू लागले. जे मागे राहतील त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. सकाळ-संध्याकाळचे जेवण, रात्री आजी-आजोबांकडे झोपणे. प्रस्ताव गुरुजींनी ऑगस्टमध्येच पाठवला होता. मंजुरी आली तेव्हा पहिल्या दोन टोळ्या गाव सोडून गेल्या होत्या. यावर गुरुजी काही बोलत नाहीत. हे दरसालचे आहे. ते घरोघर फिरले. भिंतीकडच्या मुलाची आजी म्हणाली, ठेवा माझ्याजवळ. तसे कुणी पाठीमागे नसलेले आठ जण गेले. मुलगीही गेली. तिच्या आईला सहा महिन्यांचे बाळ होते. फडात ते कोणी सांभाळायचे?

शाळा मुलांपर्यंत गेली पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही चालवल्या गेल्या आहेत. गुरुजींना हे सगळे माहीत आहे. पण मूल नेमके कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटात उतरेल हे मुकादमालाही शेवटपर्यंत ठाऊक नसते. म्हणून त्यांनी आपल्या परीने एक केले : जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याची पिशवी दिली, दोन वह्या, आणि वडिलांच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर. मला वाटले होते की मुलांना निरोप देताना काही बोलावे. ट्रॅक्टरची ट्रॉली भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी आणि माणसे यांनी इतकी भरलेली होती, की ती मुलगी मला त्यात दिसलीच नाही. बाळाचे टोपडे दिसले.

संकलित मूल्यमापन झाले ते सहा मुलांचे. आठांच्या रकान्यात 'स्थलांतरित' असे लिहिले गेले. गुरुजींनी त्यांच्या वाचनाच्या नोंदी एका वेगळ्या वहीत करून ठेवल्या आहेत. त्या कोणी मागितलेल्या नाहीत.

दिवाळीनंतर मी पुन्हा जाऊ लागले. सहा मुलांचा वर्ग फार मोठा दिसतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एक शुक्रवार असावा, खिचडीची सुट्टी संपत आली होती, तेव्हा गुरुजींचा फोन वाजला. मुलीचे वडील होते. बाकी क्षेमकुशल झाले आणि ते म्हणाले, ही लई तरास देऊन राहिली, तुमाला कायतरी इचारायचं म्हणतीय. गुरुजींनी फोनचा आवाज मोठा केला. ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. गाडी कारखान्यावर खाली व्हायला रांगेत लागली असावी.

"गुर्जी, हितं पाटी हाय. लई मोठी."

"वाच."

ती वाचू लागली. कारखान्याच्या नावाजवळ अडखळली, पण निभावले. मग 'सहकारी' आले. 'साखर' आले, 'कारखाना' तर घाईने आले. मग थांबली.

"गुर्जी, म हाय. मंग याडीचा या हाय. त्याच्या डोक्यावर कायतरी बसलंय."

रफार. दुसऱ्या सत्राच्या नियोजनात तो फेब्रुवारीत होता. रफार म्हणजे स्वरहीन र, उच्चारात पुढील व्यंजनाच्या आधी येणारा पण लेखनात त्याच्या शिरोभागी दिला जाणारा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला भेद : हे सारे माझ्या जिभेवर तयार होते आणि त्यातले एकही वाक्य त्या फोनमध्ये घालण्याजोगे नव्हते.

"तो र हाय," गुरुजी म्हणाले. "अर्धा र. पळत आला, त्याला उभं राहायला जागा गावली न्हाई, म्हणून पुढच्याच्या डोक्यावर बसला. आधी त्याला म्हणायचं, मग या."

पलीकडे थोडा वेळ नुसते हॉर्न.

"मर्... या... मर्या..." आणि मग "मंग याडीच्या डोक्यावर का न्हाई बसला?"

"याडीच्या आधी र न्हाई ना."

तिने आणखी काही विचारले, ते तुटक आले, आणि रेंज गेली. गुरुजींनी दोनदा परत लावून पाहिला. मग ते फळ्यापाशी गेले आणि मोठ्या अक्षरांत 'मर्यादित' लिहून त्यांनी रफार रंगीत खडूने काढला. सहाही मुलांनी वहीत उतरवून घेतला. एका मुलीने अर्थ विचारला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, मी शब्द जुळवू लागले.

"लिमिटेड," भिंतीकडून उत्तर आले.